पालथा काजवा

मी एक जुना, दीड डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. दीड अशासाठी, की माझी डावी काच स्वच्छ आहे आणि उजवीवर एक चरा आहे. तो कुणी पाडला ते मला चांगलं ठाऊक आहे, पण झालं गेलं ते सोडून द्यावं. माझ्या बैठकीत एक छोटा दिवाही आहे. तो लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ज्या कारागिराने माझ्या काचा घासल्या, तो दर वेळी फुंकर मारून बघायचा आणि "अजून थोडं" म्हणायचा. त्या 'अजून थोडं'मुळेच मी इतकी वर्षं टिकलो. मग मी कीटकांच्या संग्रहालयात आलो. भिंतभर लाकडी खण, खणांत हजारो भुंगेरे आणि नाकात बसणारा डांबरगोळ्यांचा वास! तिथे माझी गाठ डिंककाकांशी पडली.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. बारीक किडे टाचणीने फुटतात, म्हणून ते कागदाच्या तुकड्यावर डिंकाने चिकटवतात. काका असे चिकटवायचे की किडा तुटेल, पण सुटणार नाही. दिवसभर ते माझ्यात डोळे घालून बसायचे आणि संध्याकाळी मला मऊ फडक्याने पुसून "झोप आता" म्हणायचे. कसले लाड होते ते!

एका संध्याकाळी ओढ्याकाठी त्यांना एक काजवा दिसला. तो एकदा लांब चमकायचा आणि लगेच दोनदा झटपट. असा एकच हाती लागला. काका आनंदाने नुसते उड्या मारत आले, आणि त्या घाईत त्यांनी त्याला पालथा चिकटवला, तोही भरपूर डिंक लावून. आता सांगा, काजव्याचा दिवा कुठे असतो? पोटाखाली! पाठीकडून तो चारचौघांसारखाच दिसायचा. संग्रहालयाचे तेव्हा नवे असलेले साहेब माझ्यातून डोकावले आणि त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'नेहमीचाच.'

"अहो, पण त्याचं चमकणं वेगळं होतं! हे असं," म्हणत काकांनी माझ्या दिव्याचं बटण दाबून दाखवलं. लांब, झटपट, झटपट.

"काका, त्याला पापणी लवायची सवय असेल," साहेब म्हणाले. सगळे खो खो हसले.

तीस वर्षं काका येईल त्याला तसं बटण दाबून दाखवत राहिले आणि लोक हसत राहिले. काजवा सोडवायला गेलं आणि तो तुटला, तर दाखवायला काहीच उरणार नाही, या धास्तीने त्यांनी त्याला हात लावला नाही. मग ते निवृत्त झाले. मोठ्या पडद्याचं नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटात झाली. माझा दिवा गेला, एका कोळ्याने माझ्यावर घर बांधलं. मी रुसलो होतो, खोटं कशाला बोलू?

काकांच्या हाताखाली शिकलेली ताई आता काजव्यांचं काम बघायची. एके दिवशी तिने कपाट उघडलं. नव्या यंत्राखाली बोटं घालायला जागाच नव्हती, माझ्याखाली मात्र ऐसपैस होती. तिने मला पुसलं, नवा दिवा बसवला आणि काकांना बोलावून घेतलं.

"काका, त्याला उलटा करू या."

"तुटला तर? एकुलता एक आहे गं तो."

"आणि असाच राहिला तर?"

 काका बाह्या सरसावून म्हणाले, "माझा डिंक आहे, मीच सोडवणार. हो बाजूला."

कोमट पाण्याचा एक थेंब. वाट बघायची. अजून एक थेंब. काकांचा हात स्थिर राहावा म्हणून ताईने त्यांचं मनगट धरलं होतं. एक पाय सुटला, दुसरा सुटला, तिसऱ्याने जीव खाल्ला. साहेब दारात श्वास रोखून उभे होते. शेवटी काजवा अलगद उताणा झाला, सहाही पाय शाबूत!

मी पाहिलं आणि मला हर्षवायूच व्हायचा राहिला. ओळखीच्या काजव्यांना पोटाखाली दोन सलग पट्टे असतात. याला एक पट्टा होता आणि त्याखाली दोन सुटे ठिपके. असा काजवा पुस्तकांत नव्हता, भिंतभर खणांत नव्हता. पुरावा तीस वर्षं काकांच्याच डिंकाखाली दडला होता!

"अरे बिचाऱ्या, मीच तुझं तोंड दाबून ठेवलं होतं," काका म्हणाले आणि हसता हसता रडायला लागले.

ताईने नव्या जातीचं सविस्तर वर्णन लिहिलं. काजव्याला लाल चिठ्ठी लागली. ती जातीच्या पहिल्या नमुन्याचा मान असते. ताईने डिंकाची बाटली उचलताच काका ओरडले, "थेंबभर! जास्त नको!"

मित्रांनो, आमच्या काचा मऊ फडक्याने पुसत जा, आम्हाला कपाटात विसरू नका. आणि कुणी तीस वर्षं एकच गोष्ट सांगत असेल, तर हसण्याआधी ती एकदा उलटून बघा.

लाल चिठ्ठी लागली त्या दिवशी बाकीचे निघाल्यावर साहेब मागे रेंगाळले. चिठ्ठीवरचं 'नेहमीचाच' त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं आणि खुर्ची ओढून काकांजवळ बसले.

"काका, तो कसा चमकायचा? पुन्हा एकदा दाखवा ना."

काकांनी माझं बटण दाबलं. लांब, झटपट, झटपट. या वेळी कुणी हसलं नाही आणि मी, दीड डोळ्यांचा म्हातारा, जीव ओतून चमकलो.