जिथं मी नव्हतो तिथला बांध

मित्रांनो, पावसात तुम्ही चपला हातात घेऊन ज्याच्यावरून सांभाळत चालता, तो धरमतरच्या खाडीकाठचा म्हातारा बांध मी. एका अंगाला खारी खाडी, दुसऱ्या अंगाला गोड्या पाण्याची भातशेती आणि मध्ये मी. ही दोन्ही वेगळी आहेत ती माझ्यामुळे, याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू.

मला माणसांच्या हातांनी घडवलं. गावकऱ्यांनी ओहोटीला खाडीतला चिखल काढला, हातोहात पुढे दिला आणि थरावर थर चढवून मला उभं केलं. दरवर्षी पावसाआधी घरटी एक माणूस यायचं, खेकड्यांची बिळं बुजवायचं, खचलेल्या जागी नवा चिखल थापायचं. "बांद हाय म्हनून भात हाय," असं जाणती माणसं म्हणायची आणि मी आणखीनच फुगायचो.

माझ्या अंगातली एकच गोष्ट मला खुपायची, ती म्हणजे उघाडी. उघाडी म्हणजे माझ्या पोटातून आरपार गेलेलं भोक आणि त्याच्या तोंडाशी, खाडीच्या बाजूला, टांगलेली लाकडी झडप. भरतीचं पाणी झडपेला दाबून बंद करी, आणि ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडे. मला त्या भोकाची लाज वाटे. सगळा मी भरीव आणि नेमक्या तेवढ्याच जागी मी नाही. जिथे मी नाहीच, तिथे माझा उपयोग तो काय?

पुढे लोक कारखान्यांत आणि गाड्यांवर कामाला गेले, घरटी माणूस येईनासं झालं. झडप कुजली, आणि एका उधाणात खारं पाणी माझ्या पायथ्याशी असलेल्या धर्माजीच्या शेतात शिरलं. झडप कशीबशी सांधली, तरी दोन वर्षं त्या जमिनीवर मीठ फुललं, भाताची एक काडी आली नाही. तिसऱ्या वर्षी रोपांनी पुन्हा मूळ धरलं, तेव्हा धर्माजीने भीतीने एक निर्णय घेतला. त्याचा मुलगा दिपेश डंपर चालवतो. त्याने सिमेंट-खडी आणली आणि बापलेक उघाडी बुजवायला लागले.

धर्माजीची बायको मनुबाई बांधावर येऊन उभी राहिली. "आवो, पानी जायाला वाट नको काय?"

"वाटेनंच तर दर्या आत आला," धर्माजी म्हणाला. "आता वाटच नको."

मला तर आभाळ ठेंगणं झालं. अखेर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग झालो होतो.

श्रावणात पावसाने जी झड लावली, ती थांबेचना. मी नेहमीसारखे खाडीकडे डोळे लावून बसलो होतो आणि भात बुडत होता माझ्या पाठीमागे. तोही गोड्या पाण्यात. ते पाणी अडवून धरलं होतं मी. कुठेही न फुटता, कुठेही न खचता, ज्याला राखायचं त्यालाच मी मारत होतो.

अमावास्येच्या सकाळी ओहोटीने खाडीचं पाणी ओसरलं तसा धर्माजी फावडं घेऊन आला. सोबत दिपेश आणि शेजारची चार माणसं होती. मला वाटलं, डागडुजी असेल. पहिला घाव त्याने माझ्या छातीत घातला; उघाडीतलं काँक्रीट फोडत बसायला वेळ नव्हता. चिखल थापणारे हातच मला फोडत होते. बघता बघता मला आरपार खांड पडली. शेताचं पाणी धो धो करत खाडीत उतरलं आणि त्यातलं कुठलं कोणाचं, ते मला ओळखता येईना. त्यात वाहून जाणारी माझी माती तरी कोणाची होती? ती खाडीतूनच आणलेली. मग मी जन्मभर कोणाला कोणापासून वेगळं करत होतो?

रोपांचे शेंडे वर आले. पण दुपारी उधाण येणार होतं, आणि त्याआधी खांड बुजली नाही तर शेतात पुन्हा मीठच पिकणार होतं. माणसं चिखल टाकत होती आणि चढती भरती तो धुऊन नेत होती. धर्माजीचे हात थांबले. तेव्हा मनुबाईने पदर खोचला, खांडीत उतरली आणि खाडीकडे पाठ करून उभी राहिली.

"या समदी," ती म्हणाली. "अंगाला अंग लावा. दिपेश, तू आमच्या म्होरं चिखल टाक."

धर्माजी उतरला, शेजारी उतरले. पाणी त्यांच्या खांद्यांपर्यंत चढलं, पण आत शिरलं नाही. मी तिथे नव्हतो, मित्रांनो. तरीही तिथे बांध होता, आणि त्याला धाप लागत होती.

चिखल पुरेसा वर आल्यावर मनुबाई थरथरत बाहेर आली. धर्माजीने पहार उचलली आणि उघाडीतलं काँक्रीट फोडायला घेतलं.

आता तिथे नवी झडप आहे. मित्रांनो, पावसाआधी घरटी एक तरी माणूस या. नुसती माती घालू नका, उघाडीतला गाळही काढा. तिथे मी नाही, आणि त्या नसण्याच्या जिवावरच बाकीचा मी उभा आहे. तुम्ही आला नाहीत तर मी फुटेन, पण त्याची भीती आता मला वाटत नाही. मनुबाईचं वय झालं आहे, आणि पुढच्या खेपेलाही सगळ्यांत आधी तीच उतरेल, याची वाटते.