मुथिगाची साल काढताना

“आज कोणाशी वाकडं नाही ना?” आईनं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं आणि मुथिगाच्या बुंध्याला सुरी लावली. आमच्या घरात साल काढण्याआधी हे विचारतातच. मनात कुणाबद्दल राग असेल तर त्या हातच्या सालीचं औषध लागू पडत नाही.

धडधडीत खोटं बोलले मी. माझी धाकटी बहीण न्जोकी तिथंच झाडाच्या जखमेवर लिंपायचा चिखल कालवत बसली होती. नवरा वारला म्हणून नैरोबीहून परत आली, त्याला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. आणि कारातिनाच्या बाजारात गिऱ्हाइकं तिलाच शोधायची. दाढ दुखतेय, न्जोकी, चघळायला तुकडा दे. छातीत कफ झालाय, न्जोकी, काढ्यापुरती साल दे. अहो, वीस वर्षं साल काढतेय मी, वाळवतेय मी, आणि नाव हिचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. त्यात आई थकलेली. तिची सुरी, म्हणजे सगळा धंदाच, कुणाकडे जाणार ते ती आज सांगणार होती.

उगवतीच्या बाजूनं, तळहाताएवढीच साल काढायची, नाहीतर झाड मरतं, हे मला झोपेतही ठाऊक. पण सुरी चालली ती चालतच राहिली. थांबले तेव्हा निम्मा बुंधा सोलून झाला होता.

आईनं त्यावरून बोटं फिरवली. “वारुगुरू, परत विचारते.”

“आहे वाकडं,” मी म्हटलं. “हिच्याशी. आली त्या दिवसापासून.”

आईनं सुरी माझ्याकडून घेतली, न्जोकीपुढे धरली. “आणि तुझं?”

संपलं सगळं, असं मला वाटलं. न्जोकीनं हात पुसले, पण सुरी काही घेतली नाही.

“माझंही आहे. ताई चुकली की तू तिच्यावर डाफरतेस, आई. मला एकदा तरी बोललीस? मी अजून पाहुणीच ना या घरात? पाहुणीला कोण बोलतं?”

आईनं सुरी फडक्यात गुंडाळून स्वतःकडेच ठेवली. चिखल आम्ही दोघींनी लिंपला, आणि काढलेली साल तिथंच टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी बाजार. रिकाम्या पोत्यामागे आम्ही दोघी बसलो. एक म्हातारा खोकत आला.

“आज साल नाही, बाबा,” न्जोकी म्हणाली.

“का गं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं.

“आमचं भांडण अजून मिटलं नाही,” मी म्हटलं.

म्हाताऱ्यानं मान डोलावली, आणि ते मिटायची वाट बघत तिथंच बसला.