मावशींनी लावलेला बॅज

या, जरा जवळ सरका. दार लोटून घ्या, बाहेरचा आवाज फार येतोय. एका दुपारची हकिगत सांगतो. ऐकताना जीव थाऱ्यावर राहणार नाही, पण मध्येच उठू नका.

माझी भाची एका दवाखान्यात एक्स-रे काढते. सकाळची पाळी, दोनला सुट्टी. तिला चौथा महिना लागला होता आणि नवरा नि सासूबाई सोडून ते कुणाला ठाऊक नव्हतं. आधीचं एक पोटात टिकलं नव्हतं, म्हणून या खेपेला तिने तोंडाला कुलूप घातलेलं. कामावर लगेच कळवायचं असतं, हे तिला चांगलं माहीत होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं.

त्या दिवशी सगळ्यांचं प्रशिक्षण होतं. किरणांपाशी जपून काम कसं करायचं, ते शिकवायला बाहेरून एक बाई आल्या होत्या. वर्गाआधी त्यांनी भाचीला बाजूला घेतलं. कामावर छातीशी लावायच्या तिच्या बॅजवर किरणांचा तीन महिन्यांचा आकडा नेहमीच्या पाचपट आलाय, वर्ग संपला की बोलू, एवढं सांगून त्या फळ्याकडे वळल्या.

आता त्या पोरीने वर्ग कसा ऐकला असेल, तुम्हीच सांगा. बाई म्हणत होत्या, किरणांजवळ कमी वेळ थांबा, होईल तितकं लांब राहा, मध्ये शिशाचा आडोसा ठेवा. आणि ही मनात एकेक दिवस उसवत होती. कधी दार उघडं राहिलं? कधी घाईत भिंतीआड गेलेच नाही? पाय एका जागी ठरेना. बाटलीचं झाकण उघडायची, लावायची. शेजारच्या वॉर्डबॉयने विचारलं, खुर्चीत मुंग्या आहेत का. ती हसली आणि डोळे भरून आले. हात सारखा पोटाकडे जाई, की ती तो मांडीखाली दाबून धरी. देवाला हाक मारायलाही शब्द जुळेना. आतल्या आत नुसतं "अरे, अरे" चाललेलं. देवाला तेवढंही ऐकू जातं, असं मी मानतो.

मग बाईंनी बॅज वर धरला. हा तुम्हाला वाचवत नाही, म्हणाल्या. किरण अडवायची ताकद यात नाही. किती लागले, त्याची हा फक्त नोंद ठेवतो.

मागच्या बाकावरून दवाखान्यातल्या मावशी उभ्या राहिल्या. वीस वर्षं एक्स-रेच्या खोलीत झाडणं-पुसणं, रोग्यांना टेबलावर चढवणं, उतरवणं. कागदावर त्या सफाईवाल्या, म्हणून त्यांना बॅज नव्हता.

"वाचवत नाही?"

"नाही, मावशी."

"मग माझं चुकलं. पोरांना बांधायचा पट्टा तीन महिन्यांमागे तुटला. दुपारी तान्ही येतात, हलतात, त्यांना मीच धरते. या पोरीचा बॅज दोननंतर ड्रॉवरमध्ये पडून असतो. तो मी शिशाच्या एप्रनवर लावायचे. म्हटलं, कवच रिकामं कशाला ठेवायचं. संध्याकाळी पुसून जागच्या जागी ठेवायचे."

दुपारच्या तंत्रज्ञाने मान खाली घातली. त्याला वाटायचं, बॅज त्यांचाच.

भाची उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मावशी, मला चौथा महिना आहे."

"ते कळलंय गं मला. उगाच का मी तुला जड रोगी उचलू देत नव्हते?"

बाईंनी दुपारचं रजिस्टर मागवलं. पट्टा तुटल्यापासूनची पोरं आणि तो आकडा, दोन्हींचा मेळ बसला. भाचीला दुसऱ्या दिवसापासून कागदपत्रांचं काम मिळालं. मावशींना बाईंनी समजावलं, की एप्रनच्या आत त्यातलं थोडंच पोचलं असेल, पण हात उघडे होते, तेव्हा तपासणी करून घ्यायची. एकाच माणसाने रोज पोरं धरायची नाहीत, आईबापांनी एप्रन घालून धरायचं, आई पोटुशी असेल तर बापाने. नवा पट्टा त्याच आठवड्यात आला, आणि मावशींच्या नावाचा बॅजही.

भाचीचा जीव भांड्यात पडला खरा, पण तिथे टिकला नाही. माझा नाही, माझा नाही, म्हणून ज्या आकड्याने ती सुखावली, तो मावशींचा होता. घरी येऊन सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून ती रडली.

तुम्ही कधी लेकरू घेऊन अशा खोलीत गेलात, तर एप्रन मागून घ्या आणि स्वतः धरा. रात्री देवापुढे आपल्या माणसांची नावं घेता ना, त्यात त्या मावशींनाही आठवा. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. त्यांचे हात आठवा.