काळ्या काचा

दुकानातल्या आरशात गुलाबने पुन्हा एकदा स्वतःला पाहिले आणि मान जरा तिरकी केली. काळा गॉगल नाकावर झकास बसला होता. वडशाचा दुकानदार पांढऱ्या काचांचा, कडेला रबर लावलेला चष्मा हातात धरून केव्हाचा सांगत होता, की गाडीवर धूळ अन् किडे अडवायचे तर हाच घ्यावा, सांजवेळी रस्ताही दिसतो.

"हा घातला का माणूस वेल्डिंगवाला दिसते," गुलाब म्हणाला आणि काळा घेऊन निघाला.

गरज मात्र खरी होती. गुलाब कुरखेड्याकडचा ढोरडाक्टर. लशीची पेटी मोटरसायकलला बांधून तो रानातल्या मुरमाच्या रस्त्यांनी गावोगाव फिरे. मागे डोळ्यात किडा शिरला आणि गाडी थेट धानाच्या बांधीत गेली होती. पण डोळे वाचवायला गेलेल्या या गड्याला आरशाने भुरळ घातली, त्याला दुकानदार तरी काय करणार?

त्या रानात मोटरसायकलवर काळा चष्मा घालून कोणी आला, तर तो जंगलखात्याचाच साहेब असणार असे लोक धरून चालत आणि मोळीवाले रस्ता सोडून उभे राहत. गुलाबला हे चांगले ठाऊक होते. आता लोक त्याच्यासाठी बाजूला सरू लागले आणि खरे सांगायचे तर त्याला ते गोड लागत होते.

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. त्याच्या आफिसात बदलून आलेल्या नव्या साहेबांना मागे बसवून गुलाब एका दुपारी निघाला. वळणावर समोरून एक म्हातारा मोळी घेऊन येताना दिसला. चालीवरूनच गुलाबने ओळखले. त्याचा बाप, मुखरू.

गुलाबने गाडी हळू केली. काळा चष्मा दिसताच मुखरूने घाईघाईने मोळी खाली टाकली, वहाणा काढल्या, रस्त्याखाली उतरला आणि कमरेत वाकून जोहार केला.

छप्पन साली चांद्याला धम्मदीक्षा घेतली, त्या दिवसापासून मुखरूने हा पिढीजात जोहार टाकला होता. पाटलासमोर ताठ उभा राहून जय भीम म्हणाला म्हणून त्याला कापणीची कामे मिळेनाशी झाली, तरी तो वाकला नव्हता. गुलाब हे ऐकतच लहानाचा मोठा झाला होता.

त्याचा पाय ब्रेकवर होता. तेवढ्यात मागून साहेब खुशीत म्हणाले, "बराच मान आहे हो तुम्हाला इकडे."

"हो सर," गुलाब म्हणाला, आणि त्याने ब्रेकवरचा पाय उचलला.

संध्याकाळी मुखरूने ताट तसेच सारले. गुलाबची आई शेजारी गेल्यावर तो हळूच बोलला.

"आज माह्या हातून जोहार झाला, गुलाब. जंगलवाला होता. कुऱ्हाड जाईन म्हनून भेलो. पाय आपोआपच खाली उतरले. कोनाले सांगू नको."

गुलाब गप्प बसला असता तर निभावले असते, पण बापाची खाली गेलेली मान त्याला बघवेना.

"बा, तो मीच होतो."

मुखरूने मान वर केली. मग त्याने विचारले, "मांगं कोन बसला होता?"

"आफिसचे साहेब."

"मंग नाई थांबला ते बराबर केलं. असा बाप कोनाले दाखवाव?"

हे तो रागाने म्हणाला असता तर गुलाबला सोसले असते. पण मुखरू त्याची समजूत घालत होता.

पुढच्या बाजाराला गुलाबने पांढऱ्या काचांचा चष्मा आणला. लोक त्याला पुन्हा ओळखू लागले, थांबवून आजारी बैलांचे सांगू लागले. मुखरू मात्र रस्ता सोडून पळसाच्या झाडीतून ये-जा करू लागला. ती वाट लांबची आणि काट्यांची. काऊन म्हणून बायकोने विचारले, तर तिकडं सावली हाये म्हणाला.

कधी गाडीवरून जाताना झाडीतून मोळी सरकताना दिसे. मागे कोणी बसलेले असो की नसो, गुलाब गाडी थांबवून मोठ्याने हाक मारी. मोळी जरा थबके, आणि मग आणखी आत वळे.