खल, बत्ता आणि खिळा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे ताई सांगेलच. चाळिशीला टेकलेली बाई पीएच.डी. करते म्हटलं की लोक एकतर कौतुक करतात नाहीतर कीव, आणि मला दोन्हींचा सारखाच संताप येतो. विषय होता डोंगरउतारावरच्या एका लाकूडकाप्यांच्या वस्तीचा अलिखित कायदा. तिथले तंटे कोर्टात जात नाहीत. वखारीमागच्या शेडमध्ये पाच पंच फळ्यांवर बसतात आणि निवाडा करतात. तो कायदा कागदावर आणायचं काम माझं.

आठ महिन्यांत मी एकेचाळीस नियम टिपले. माझ्या मार्गदर्शक सरांनी त्यासाठी तक्ता आखून दिला होता: नियम, उल्लंघन, शिक्षा. एखादा रकाना रिकामा दिसला की सरांचा जीव कासावीस व्हायचा. आता फक्त वाटण्यांचं प्रकरण उरलं होतं आणि प्रबंधाचा कच्चा खर्डा द्यायला दोन महिने. पण नेमकं तिथेच घोडं अडलं. मिटलेलं घरगुती भांडण पुन्हा उकरायचं नाही, हा वस्तीचाच सतरावा नियम. त्यामुळे जुन्या वाटण्यांबद्दल कोणी ताकास तूर लागू देईना.

म्हणून मी पंचांसमोर प्रश्नावली काढली आणि रेकॉर्डर सुरू करून वाचलं: समजा, दोन भावंडांत न वाटता येणारी एखादी वस्तू आहे, तर ती कोणाला मिळते? मुख्य पंच म्हणजे वखारवाले काका. त्यांनी विचारलं, भावंडं कुठली? म्हटलं, कुठलीही, समजा. ते म्हणाले, समजून निवाडा होत नसतो, वस्तू कोणती? म्हटलं, कोणतीही. पंचांतल्या चष्मेवाल्या काकींनी मला बरं नाही का, अशी चौकशी केली. अर्धा तास हेच चाललं. शेवटी माझं डोकं फिरलं.

"बरं, समजा मी आणि माझी ताई," मी म्हटलं, "आणि आमच्या आईचा खलबत्ता."

आणि मग मला थांबता येईना, कारण ते खरंच होतं. आई गेली त्याला चार वर्षं झाली होती. घर आवरताना खल ताईने उचलला, म्हणून बत्ता मी पर्समध्ये टाकला. त्यावरून ती बोलली, मी बोलले, आणि मग चार वर्षं दोघीही बोललो नाही. शेवटची दोन वर्षं आईचं सगळं ताईने केलं हे मला मान्य होतं. पण म्हणून प्रत्येक भांड्यावर तिचंच नाव? हे सगळं मी त्या फळ्यांसमोर हातवारे करत वीस मिनिटं सांगितलं.

माझं संपल्यावर काका उठले. त्यांनी खिशातून एक लांब खिळा काढला आणि शेडच्या मधल्या खांबात अर्धा ठोकला. म्हणजे तक्रार दाखल झाली. मी म्हटलं, अहो, ते उदाहरण होतं. काका म्हणाले, उदाहरण देताना कोणी रडत नाही. मी रडत होते, हे मला तेव्हा कळलं.

नियम क्रमांक तीन मी स्वतःच लिहून घेतला होता: खिळा निघेपर्यंत तक्रारदाराशी वस्तीत कोणी दुसऱ्या कशाबद्दल बोलायचं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवसापासून मी काहीही विचारलं की उत्तर एकच, ताई कधी येते? चहावाला चहा द्यायचा आणि तेच विचारायचा. अकरा दिवस मी तग धरला. बाराव्या दिवशी फोन लावला.

ताईने फोन उचलला. मी घडाघडा सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, की फोन प्रबंधासाठी केलास ना? मी हो म्हटलं. खोटं बोलायचीही अक्कल नव्हती मला. तिने फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी ती बसमधून उतरली. टॉवेलात गुंडाळलेला खल पोटाशी धरलेला. मी हात पुढे केला तर म्हणाली, राहू दे, सवय आहे मला एकटीने उचलायची. स्टँडपासूनच सुरुवात झाली होती.

पंचांसमोर आम्ही कडाकडा भांडलो. तिने आईची औषधं, पथ्यं, रात्रीची जागरणं काढली. मी म्हटलं, मला कधी बोलावलंस? ती म्हणाली, बोलवावं लागतं का? मी आवाज चढवला. काकींनी तिला मध्येच विचारलं, चार वर्षं या खलाचं केलंस काय? ताई जरा वरमली. त्यात घराच्या किल्ल्या ठेवते म्हणाली. आणि बत्त्याचं? मी खरं ते सांगितलं, प्रबंधाचे कागद उडू नयेत म्हणून वर ठेवते. पाचही पंच फळ्या हलेपर्यंत हसले. ताईसुद्धा हसली, पण माझ्याकडे न बघता.

निवाडा असा झाला. न वाटता येणारी वस्तू वाटायची नाही, पोचवायची. एक वर्ष एकीकडे, एक वर्ष दुसरीकडे. वर्ष भरलं त्या दिवशी जिच्याकडे आहे तिने ती स्वतः उचलून दुसरीच्या घरी न्यायची, आणि घेणारीने तिला जेवू घालायचं. पहिलं वर्ष तक्रारदाराचं, कारण पहिलं ओझं तिने वाहायचं. काकांनी खिळा उपटला. ताईने खल माझ्या हातात दिला, आणि तो केवढा जड आहे ते मला पहिल्यांदा कळलं. ती पाचच्या बसने गेली. जाताना नीट राहा एवढं म्हणाली.

बेचाळिसावा नियम मिळाला. पण शिक्षेचा रकाना रिकामा! सरांनी खर्डा परत पाठवला. वर लाल शाईत, न पोचवल्यास काय? मी काकांना फोन केला. ते म्हणाले, शिक्षा कसली? न पोचवला तर दुसरी मागायला येते. मी म्हटलं, मग नियम मोडलाच ना? ते म्हणाले, बाई, भेट झाली ना? सरांना हे पटेना. त्यांना प्रत्यक्ष घडलेला पुरावा हवा होता, आणि तोवर प्रबंध अडकला.

वर्षभर ताईने फोन केला नाही, मीही नाही. दोघी एकाच आईच्या. ठरलेला दिवस उजाडला तेव्हा खलबत्ता पुसून पिशवीत भरून दाराशी ठेवला होता. चप्पल घातली. आणि मग चप्पल काढून खुर्चीत बसले. सरांच्या पुराव्यासाठी, असं स्वतःला सांगितलं. पण खरं कारण ते नव्हतं. मी गेले असते तर तिने नियम म्हणून जेवू घातलंच असतं. न बोलावता ती येते का, हे मला बघायचं होतं. बारा वाजले, एक वाजला. दीड वाजेपर्यंत स्वतःला यथेच्छ शिव्या देऊन झाल्या होत्या.

पावणेदोनला बेल वाजली. दारात ताई, घामाघूम, हातात चार पुडांचा डबा.

"किती वाट बघायची माणसाने?" ती म्हणाली. "जेवू घालायची पाळी माझी होती. गार झालं सगळं."

मी म्हटलं, विसरले. ती म्हणाली, दाराशी पिशवी भरून ठेवून? आणि मला बाजूला सारून सरळ स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवला, पातेलं कुठे ठेवतेस म्हणून ओरडली, आणि मिरी आहे का विचारलं. भाजीत घालायची राहिली होती. मी पिशवीतून खल काढला. तिने बत्ता घेतला.

संध्याकाळी ती गेल्यावर मी तक्ता उघडला आणि शिक्षेच्या रिकाम्या रकान्यात लिहिलं: ताई येते. सरांनी त्यावर भलंमोठं लाल प्रश्नचिन्ह काढलं आहे. काढू देत, मी माझं उत्तर खोडणार नाही.