शेजारच्या सीटवर ज्वारीचा कट्टा

राजश्री गेल्याचं कळलं तेव्हा मी गाडीखाली होतो. फोन बॉनेटवर वाजत होता. हात ग्रीसनं भरलेले होते आणि मला वाटलं तीच असेल, झालं का म्हणून विचारत असेल. म्हणून उचलला नाही. तीन वेळा वाजला. चौथ्यांदा उचलला तर तिचा भाऊ भीमराज होता. पहाटे छातीत कळ आली आणि हुमनाबादच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली, असं त्यानं सांगितलं. मी विचारलं, "मग आता बरी हाय का?" असं विचारणारा माणूस मी आहे.

ती आदल्या दिवशी औरादहून दुबलगुंडीला बसनं गेली होती, भीमराजच्या नव्या घराच्या घरभरणीला. जायचं होतं आमच्या मारुतीनं. पण मारुतीची पुढची दोन्ही चाकं काढून मी ती विटांवर उभी केली होती.

याला कारण आहे. ती वर्षभर म्हणत होती, गाडी डावीकडं ओढायली. मी म्हणायचो, रस्त्यालाच डावीकडं उतार असतोय, पाणी जायला. मी एकतीस वर्षं सरकारी बस चालवली. रस्त्याचं मला सांगायचं नाही, असं मी तिला सांगायचो. शेवटी डावं टायर आतून तारेपर्यंत झिजलं तेव्हा मला पटलं. चाकं धरून ठेवणारे खालचे आर्म, त्यांचे रबरी बुश आणि स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकं बदलायची होती. सिद्धप्पा मेस्त्रीकडं टाका, ती म्हणाली. मी म्हणालो, घरीच करतो, चार दिवसांचं काम आहे. डेपोत असताना माझं मेस्त्रीकाम म्हणजे तक्रारवहीत 'आवाज येतो' असं लिहायचं आणि घरी जायचं, एवढंच होतं. हे तिला माहीत होतं. तरी पंधरा दिवस ती थांबली. मग पिशवी भरली आणि म्हणाली, "सरळ चालायली की सांगा, मग बसते."

त्या दिवशी मी दुबलगुंडीला शेजाऱ्याच्या जीपनं गेलो.

मारुती दहा महिने विटांवरच राहिली. तिच्याखाली एका कुत्रीनं पिल्लं घातली आणि तीही मोठी होऊन गेली. अकराव्या महिन्यात भीमराजचा फोन आला. पहिला स्मृतिदिन दुबलगुंडीलाच करू, भंतेजींना सांगितलं आहे, जीप पाठवतो, म्हणाला. मी म्हणालो, जीप नको, मारुतीनं येतो.

"कोणती मारुती, दाजी? इटंवर हाय ती?"

"तीच."

 ज्या गाडीची ती पंधरा दिवस वाट बघत बसली ती एकदा तरी त्या दारात न्यायची होती, आणि सरळ चालवत न्यायची होती. हे मी फोनवर बोललो नाही. बोललो असतो तर तोही रडला असता आणि मीही, आणि रिचार्ज त्याचा होता.

सामान लावायला आठ दिवस गेले. दांड्यांची जुनी टोकं काढताना ती कितव्या आट्यावर होती याची खूण करून ठेवायची असते. मी केली नव्हती. नवी टोकं अंदाजानं बसवली. गाडी विटांवरून उतरवून पुढं जाऊन बघितलं तर दोन्ही चाकं दोन दिशांना बघत होती, भांडण झालेल्या जावांसारखी.

चाकं सरळ करायला दोरी लावतात हे मला माहीत होतं. घरात दोरी सापडेना. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींनी परित्राणपाठ केला तेव्हा सगळ्यांनी हातात धरलेला पांढरा दोरा होता, त्याचं अर्धं रीळ कपाटात उरलं होतं. तो घेतला. राजश्री असती तर बोलली असती. मागच्या चाकांना टेकवून तो पुढच्या चाकांपर्यंत ताणला, दोन्ही बाजूंना, आणि पुढचं चाक दोऱ्याला पुढून-मागून सारखं टेकेपर्यंत दांड्या फिरवल्या. दिवस गेला. काम इतकं चांगलं झालं की मी फोटो काढला. पाठवायला कोणी नव्हतं, म्हणून भीमराजलाच पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी संतपूरच्या रस्त्याला लागलो. गाडी आता डावीकडं ओढत नव्हती. ती दोन्हीकडं जात होती. सरळ जायचं तर मला स्टिअरिंग सारखं इकडं-तिकडं करावं लागत होतं, जत्रेतल्या खेळण्यातल्या गाडीसारखं. समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरनं मला ओळखलं आणि हात जोडले. तो नमस्कार होता की विनंती, ते कळलं नाही.

स्मृतिदिनाला चार दिवस उरले होते. गाडी सिद्धप्पाकडं नेली.

सिद्धप्पा माझ्याच वयाचा. गळ्यात लिंग, खिशात पाना. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि बंपरला अडकलेला दोऱ्याचा तुकडा काढून हातात धरला. कसं केलं, त्यानं विचारलं. मी सगळं सांगितलं, फोटोही दाखवला. त्यानं फोटो मोठा करून बघितला.

"अण्णा, मागच्या चाकाला धरून पुढचं चाक लावलाव तुमी."

"व्हय. सरळ रेघंत."

"ह्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांतलं अंतर मागच्यापेक्षा बोटभर जास्त असतंय. तुमचा दोराच तिरका गेलाय. त्याच्या बरोबर चाकंबी तिरकी. दोन्ही भाईर बघायलीत."

एकतीस वर्षं मी गाडी चालवली आणि मागची चाकं कुठं असतात हे मला माहीत नव्हतं. मागं कंडक्टर असायचा.

त्यानं मागच्या चाकांकडं बघितलंही नाही. पुढच्या दोन टायरांवर खडूनं रेघा मारल्या. दोन्ही रेघांमधलं अंतर आधी पुढून मोजलं, मग चाकं अर्धा फेर फिरतील एवढी गाडी ढकलून तेच मागून मोजलं. पुढून थोडं कमी भरलं पाहिजे, म्हणाला. माझं जास्त भरलं. मग दांड्या फिरवायच्या आधी त्यानं मला ड्रायव्हरच्या जागी बसायला सांगितलं.

"शेजारी कोण बसतंय?"

मी स्टिअरिंगकडं बघत राहिलो. त्याला वाटलं मला समजलं नाही. माणसं बसली की गाडी खाली दबते, चाकं हलतात, म्हणून रोज जेवढं वजन असतं तेवढं ठेवूनच मोजायचं, असं त्यानं समजावून सांगितलं. मग त्याच्याच लक्षात आलं आणि तो पाना पुसायला लागला.

"वैनीचं वजन किती होतं?" त्यानं हळूच विचारलं.

"एकोणपन्नास सांगायची. आडतीच्या काट्यावर चौपन्न भरायची."

त्यानं घरातून ज्वारीचा कट्टा आणला. पन्नास किलोचा. त्यावर चार किलो गुळाची ढेप ठेवली. मी म्हणालो, ढेप नको, तिला राग येईल. सिद्धप्पा म्हणाला, "गाडीला खरं सांगावं लागतंय, अण्णा." आणि त्यानं कट्ट्याला बेल्ट लावला.

अर्ध्या तासात काम झालं. स्टिअरिंगही मधोमध आलं. कट्टा आणि ढेप त्यानं काढून घेतली नाही. भोजनदानाला माझ्याकडून, म्हणाला.

स्मृतिदिनाच्या सकाळी पांढरा शर्ट घालून निघालो. भालकीच्या पुढं रस्ता मोकळा होता, तिथं मी स्टिअरिंगवरचे हात काढले. गाडी सरळ गेली. मी शेजारी बघून म्हणालो, "बघ." ज्वारीचा कट्टा काही बोलला नाही. हुमनाबादच्या नाक्यावर पोलिसानं काचेतून वाकून बघितलं. मी हेल्मेट नसलेल्या पोरासारखी मान खाली घातली, आणि त्यानं कट्ट्याचाही बेल्ट बघून जाऊ दिलं.

भीमराज दारात उभा होता. तो गाडीपाशी आला. मग त्यानं शेजारचं दार उघडलं.

"दाजी, ही ज्वारी, हिला कामून बांधलाव?"

"वजनासाठी."

त्यानं बेल्ट सोडला, कट्टा खांद्यावर घेतला आणि आत गेला. ढेप मी नेली. वंदना झाली, भंतेजी बोलले, दुपारी त्यातलीच ज्वारी दळून आणून भाकरी झाल्या. मी दोन खाल्ल्या.

शेजारची सीट रिकामी ठेवून परत निघालो तर गाडी उजवीकडं ओढायला लागली. थोडीच, पण ओढत होती. रस्त्यालाच उतार आहे, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण रस्त्याचा उतार डावीकडं असतो. हे तिला मीच सांगितलं होतं, वर्षभर.

सिद्धप्पाला फोनवर सांगितलं. आणा कधीबी, धा मिनिटांचं काम हाय, एकट्याच्या वजनावर लावून देतो, म्हणाला.

याला आता दोन महिने झाले. गाडी अजून त्याच्याकडं नेलेली नाही.