जास्वंदीची रेकी

आधीच सांगून टाकते. मी इरावती सबनीस, वय चौसष्ट, बोरीवलीच्या आमच्या सोसायटीची माजी सेक्रेटरी, आणि पहाटे दुसऱ्यांच्या कुंड्यांतली जास्वंद तोडते. तोडते म्हणतेय, चोरते नाही. गणपतीला वाहायचं फूल चोरीत धरायचं नसतं. निदान परवापर्यंत मी तरी धरत नव्हते.

परवा पहाटे पोलिसांनी डी-विंगमधल्या परशुराम सिद्दीला उचललं. हा शाळेत मुलांना धावायला शिकवतो. कर्नाटकातल्या यल्लापूरचा. त्याचे पूर्वज काही शे वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेले, म्हणून केस कुरळे, रंग काळाभोर. घरी कोकणी बोलतो आणि मराठी तर माझ्या नातवापेक्षा बरं. तक्रार होती तळमजल्यावरच्या श्यामसुंदररावांची: "माझ्या खिडकीपाशी पहाटे कुणीतरी रेकी करतंय, चोरीआधीची टेहळणी." पोलीस आले, मैदानावर निघालेला परशुराम गेटात दिसला, झालं!

सोसायटीच्या ग्रुपवर नुसता कल्ला. कॉलेजात शिकवणाऱ्या शर्मिष्ठाने लिहिलं, "चेहरा बघून उचललंय त्याला. दुसरा पुरावा काय?" श्यामसुंदरराव म्हणाले, "पोलिसांना अनुभव असतो." कुणीतरी 'तो नायजेरियन' असं लिहिलं. शर्मिष्ठा म्हणाली, "परशुराम नावाचा नायजेरियन? कमाल आहे यार तुमची!" मी श्यामसुंदररावांच्या मेसेजला अंगठा दिला. दिला, आता काय लपवायचं! तेवढ्यात परशुरामच्या घरमालकाने लिहिलं, "संध्याकाळपर्यंत त्याला खोली रिकामी करायला लावतो."

मग श्यामसुंदररावांनी कॅमेऱ्यातली क्लिप टाकली. अंधारात एक आकृती. माकडटोपी, शाल, हातात काठी, काठीच्या टोकाला छत्रीची मूठ. ती मूठ मी स्वतः सुतळीने बांधलीय, त्यांच्या खिडकीवर उंच ठेवलेल्या कुंडीतली जास्वंद ओढायला.

खोटं कशाला बोलू, आधी मी ती काठी कपाटामागे लपवली. सेक्रेटरी असताना कपडे वाळत घालण्यावरून ज्यांना नोटिसा दिल्या, ते आता काय म्हणतील? पण समोर गणपतीच्या डोक्यावर तीच मेली जास्वंद, लालभडक. उठले, टोपी आणि काठी घेतली, रिक्षा केली.

पोलीस स्टेशनात परशुराम भिंतीला टेकून उभा होता. मी म्हटलं, "साहेब, ती रेकी मी केली."

साहेब हसायलाच लागले. "बसा काकू. अरे, खुर्ची द्या काकूंना. चहा सांगा."

चहा आला. मी टोपी चढवली, काठी उगारली. हवालदाराने मोबाईलवरची क्लिप बघितली, मला बघितलं, परत क्लिप बघितली. "साहेब, काकूच आहेत."

"काय काकू! तुमच्याकडे बघून कुणाला वाटेल तरी का?"

"आणि याच्याकडे बघून वाटलं?" माझं डोकंच फिरलं. "निदान उंची तरी बघायची! मला हात पुरत नाही म्हणून काठी लागते. हा सहा फुटी माणूस, याला काठी कशाला हवी?"

साहेब कागद चाळायला लागले. मग परशुरामला म्हणाले, "जा. यापुढे पहाटे बाहेर पडताना ओळखपत्र जवळ ठेवत जा." मला म्हणाले, "काकू, थंडीत जपा." चोर मी, आणि समज मिळाली त्याला!

रिक्षात बसल्या बसल्या घरमालकाला फोन लावून चांगला झापला. खोली राहिली. मग ग्रुपवर लिहिलं, "क्लिपमधली बाई मी आहे." मग श्यामसुंदरराव, "अहो वहिनी, मागितली असतीत तर रोज दिली असती!" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. परशुरामबद्दल शर्मिष्ठा सोडून कुणी एक अक्षर लिहिलं नाही.

तो शेजारी बसून बाहेर बघत होता. मी म्हटलं, "सॉरी रे बाबा."

"असू दे काकू. चहा कसा होता?"

"कुठला चहा?"

"तिथला. पहाटेपासून सात-आठदा आला, मला नुसता वास." आणि हसला.

मला काही हसता येईना. रिक्षा तशीच टपरीवर थांबवली.